लोकमान्यांचा मधुमेह आणि मंडालेतील सातू

ऑगस्ट महिना उजाडला की सिल्वासा आणि परिसरात दोन तारखा लागोपाठ येतात. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि २ ऑगस्टला दादरा नगर हवेलीचा मुक्तिदिन. १९५४ साली २१ जुलैच्या रात्री दादरा मोकळा झाला, आठवड्याभरात नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासावर तिरंगा चढला. त्या मोहिमेत सुधीर फडके, राजा वाकणकर, नाना काजरेकर यांच्यासारखी मराठी माणसे होती. स्वराज्य या शब्दाला तिच्या आधीच्या अर्धशतकात घरोघरी पोहोचविणारा पुरुष मात्र त्या दिवसाच्या चौतीस वर्षे आधीच गेला होता. त्याच्या हयातीत सिल्वासावर पोर्तुगीजांचाच ध्वज होता.

टिळकांच्या चरित्रातील सिंहगर्जना, खटले, केसरीतील अग्रलेख, गणेशोत्सव हे सर्व मराठी वाचकांस ठाऊक आहे. पगडी, उपरणे आणि भरघोस मिशा असलेले ते चित्र शाळेच्या भिंतीवर पाहतच अनेक पिढ्या मोठ्या झाल्या. त्या चित्रात न दिसणारी एक गोष्ट मात्र त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या तपात सतत त्यांच्याबरोबर होती. ती म्हणजे मधुमेह. इन्शुलिन नव्हते, गोळ्या नव्हत्या, घरी बोट टोचून साखर पाहण्याचे यंत्र तर स्वप्नातही नव्हते. अशा काळात या माणसाने मंडालेच्या तुरुंगात हा रोग आटोक्यात ठेवला आणि तेथेच आयुष्यातील सर्वांत मोठा ग्रंथ लिहिला. आज मधुमेह घेऊन जगणाऱ्या प्रत्येकाला आपली साखर नेमकी कितीवर ठेवावी हा प्रश्न पडतो. त्या दृष्टीने लोकमान्यांचे चरित्र पुन्हा वाचण्याजोगे आहे.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत संस्कृतचे जाणकार आणि शिक्षण खात्यातील नोकर. १८६६ साली त्यांची बदली पुण्यास झाली आणि कुटुंब देशावर आले. पुण्यास आल्यावर थोड्याच काळात आई पार्वतीबाई निवर्तल्या. बाळ सोळा वर्षांचा असताना, १८७२ मध्ये वडीलही गेले. त्याच्या आदल्याच वर्षी कोकणातील बाळ घराण्यातील तापीबाईंशी त्याचे लग्न झाले होते. सासरी त्यांचे नाव सत्यभामाबाई झाले.

१८७३ साली डेक्कन कॉलेजात दाखल झालेला हा विद्यार्थी बुद्धीने तल्लख, पण अंगाने अगदी किरकोळ होता. पुढे ज्या प्रकारचे आयुष्य जगायचे त्यासाठी हे शरीर पुरे पडणार नाही, हे त्याने लवकर ओळखले. मग त्याने जे केले ते कॉलेजच्या इतिहासात आजही सांगितले जाते. पहिले वर्ष त्याने अभ्यासापेक्षा तालमीला दिले. जोर, बैठका, कुस्ती, पोहणे आणि पोटभर खाणे हा त्याचा नित्यक्रम झाला. परीक्षेच्या दृष्टीने ते वर्ष वाया गेले. शरीराच्या दृष्टीने ते आयुष्यभर कामी आले. शरीर हे साधन आहे, ते कामाच्या मापाने घडवावे लागते आणि त्यासाठी दुसऱ्या कशाची तरी किंमत मोजावी लागते, हा हिशेब या मुलाने विशीच्या आतच मांडला होता. पुढे मधुमेहाशी गाठ पडल्यावर हाच हिशेब त्यांना पुन्हा मांडावा लागला.

१८७७ मध्ये गणित घेऊन बी. ए. आणि १८७९ मध्ये एलएल. बी. झाल्यावर त्यांनी वकिली किंवा सरकारी नोकरी धरली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्याबरोबर १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. १८८१ च्या जानेवारीत केसरी आणि मराठा ही पत्रे निघाली. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली आगरकरांसह डोंगरीच्या तुरुंगात एकशेएक दिवस काढावे लागले. फर्ग्युसन कॉलेजची स्थापना, मतभेदामुळे १८९० मध्ये दिलेला राजीनामा, १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव, त्यामागोमाग शिवजयंतीचा उत्सव, १८९६ चा दुष्काळ, १८९७ चा प्लेग, असा कामाचा रगाडा अखंड चालू होता. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या तुरुंगवासात त्यांचे वजन झपाट्याने उतरले. वेदांच्या काळासंबंधीच्या त्यांच्या संशोधनामुळे मॅक्समुल्लरसारख्या पंडिताने त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली आणि सप्टेंबर १८९८ मध्ये ते मुदतीआधी बाहेर आले.

बाहेर आल्यावरही विसावा नव्हता. ताईमहाराज प्रकरणाने त्यांना कित्येक वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावल्या. १९०३ मध्ये आर्यांच्या मूलस्थानाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९०५ मध्ये वंगभंग झाला आणि स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण व स्वराज्य ही चतुःसूत्री देशभर गाजू लागली. १९०७ च्या सुरत अधिवेशनात काँग्रेस दुभंगली. ही सगळी दगदग पन्नाशीला टेकलेल्या शरीराने सोसली. बैठे लेखन, जागरणे, प्रवास, अवेळी जेवण आणि मनावरचा ताण ही आजच्या डॉक्टरांच्या दृष्टीने मधुमेहाला पोषक अशी यादी आहे. त्या काळी तिला सार्वजनिक आयुष्य म्हणत.

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपुरात बॉम्ब फुटला. त्यानंतर केसरीत आलेल्या लेखांवरून २४ जून रोजी मुंबईत सरदारगृहात टिळकांना अटक झाली. न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला चालला. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली आणि त्यांचे भाषण कित्येक दिवस चालून एकवीस तासांवर गेले. नऊ ज्यूरींपैकी सातांनी त्यांना दोषी ठरविले. २२ जुलैच्या रात्री दहाच्या सुमारास सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्याच दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण व्हायची होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप करून शिक्षेच्या प्रत्येक वर्षाला एक दिवस वाहिला.

साबरमतीच्या तुरुंगात काही आठवडे ठेवल्यावर सप्टेंबरात त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला नेण्यात आले. शिक्षा पुढे साध्या कैदेत बदलली. मंडालेच्या किल्ल्यातील तुरुंगात त्यांची खोली लाकडी होती; उन्हाळ्यात ती भट्टीसारखी तापे, हिवाळ्यात फटींतून वारा आत शिरे. स्वयंपाकाला कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी दिलेला होता. बाहेरच्या जगाशी संबंध म्हणजे ठरावीक मुदतीने येणारे घरचे पत्र आणि तपासून आत सोडलेली पुस्तके. या परिस्थितीत मधुमेही बंदी किती दिवस टिकेल, हा प्रश्न पुण्यातील माणसांना रात्रंदिवस छळत होता. सहा वर्षांची शिक्षा ही या माणसाच्या बाबतीत जन्मठेपच ठरेल, अशी भीती निराधार नव्हती.

त्या काळी मधुमेह ओळखण्याचे आणि त्यावर नजर ठेवण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे लघवीची तपासणी. विशिष्ट द्रावणात लघवी मिसळून उकळली की रंग पालटे आणि साखर आहे की नाही ते कळे. या पद्धतीची मर्यादा आज सहज सांगता येते. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली तरच मूत्रपिंड ती लघवीत सोडू लागते. म्हणजे लघवी स्वच्छ असली तर रक्तातील साखर १०० आहे की १७०, हे कळण्याचा मार्ग नव्हता. वैद्याला आणि रोग्याला मिळून जे लक्ष्य ठेवता येई ते असे ढोबळ असे: लघवीत साखर दिसू नये, तहान आणि रात्रीचे उठणे कमी व्हावे, वजन घसरू नये, अंगात काम करण्याची ताकद राहावी.

या चार गोष्टी एकमेकींशी नेहमी जमत नाहीत. खाणे खूप तोडले की साखर उतरते, पण माणूसही उतरतो. त्याच दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी मधुमेह्यांना जवळजवळ उपाशी ठेवण्याची पद्धत रूढ केली. तिने कित्येकांचे आयुष्य काही महिने वा वर्षे लांबले, आणि कित्येक मुले साखरेऐवजी उपासमारीने गेली. लक्ष्य फार सैल ठेवावे तर रोग खातो, फार आवळावे तर उपचार खातो, ही कोंडी तेव्हापासूनची आहे.

मंडालेत टिळकांनी जो मार्ग धरला तो या दोन टोकांच्या मधला होता. तुरुंगाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांच्या आहारात बदल झाले. भात आणि गहू बाजूला पडून सातूवर, म्हणजे जवावर, भर आला. जोडीला दूधदुभते होते. कोकणात जन्मलेल्या माणसाला भात सोडणे ही लहान गोष्ट नव्हे, हे या भागातील कोणालाही सांगावे लागणार नाही. पण तो बदल त्यांना मानवला आणि त्यांनी तो निष्ठेने पाळला.

सातूची निवड नवी नव्हती. चरकसंहितेत प्रमेहाच्या रोग्याला यवप्रधान आहार सांगितला आहे. त्याच परंपरेत आणखी एक सूक्ष्म भेद आहे, तो आजच्या विषयाच्या गाभ्याशी जातो. चरकाने प्रमेही दोन प्रकारचे मानले, एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बळ. पहिल्याचे शोधन करावे, दुसऱ्याचे पोषण करावे असा दंडक घातला. सुश्रुताने तर रोग्याची ऐपत आणि व्यवसायही विचारात घेतला. कोणाला पायी प्रवास, कोणाला गाईंमागे फिरणे, कोणाला विहीर खणणे अशी कामे नेमून दिली. एकच रोग, पण रोगी वेगळा म्हणून उपचार वेगळा, ही दृष्टी त्या ग्रंथांत स्पष्ट आहे. आधुनिक शास्त्राने सातूचे गुण आपल्या भाषेत सांगितले. त्यात बीटा ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. तो आतड्यात चिकट थर धरतो आणि साखर रक्तात सावकाश उतरते.

प्रकृती अशी सावरल्यावर टिळकांनी वेळ कसा वापरला ते सर्वश्रुत आहे. पहाटे उठणे, प्रार्थना, ठरावीक वेळी मोजके जेवण, वाचन, मनन आणि लेखन, असा दिवस बांधलेला होता. पाली, फ्रेंच आणि जर्मन या भाषांचा अभ्यास त्यांनी तेथे केला. शेकडो ग्रंथांचा संग्रह झाला. २ नोव्हेंबर १९१० रोजी त्यांनी गीतारहस्य लिहायला घेतले आणि ३० मार्च १९११ रोजी पेन्सिलीने लिहिलेला तो मजकूर पुरा केला. पाच महिन्यांत एवढा ग्रंथ, तोही पन्नाशी उलटलेल्या मधुमेही बंद्याने. पोटात घालायच्या प्रत्येक घासाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे जमले, कारण त्याचा आहार मेंदूला आणि हाताला पुरेल इतका होता. केवळ साखर घालविण्यासाठी त्याने स्वतःला झिजविले असते तर तो ग्रंथ झाला नसता. उलट भाताची आवड सांभाळत बसला असता तरी तो झाला नसता. कर्मयोगाचे विवरण करणाऱ्या त्या पुस्तकामागे आहाराचाही एक कर्मयोग उभा आहे.

या काळातील सर्वांत मोठा घाव घरून आला. ७ जून १९१२ रोजी पुण्यात सत्यभामाबाईंचे निधन झाले. एकेचाळीस वर्षांच्या संसाराचा शेवट त्यांना तुरुंगात तारेने कळला. दुःख आणि ताण यांनी साखर वाढते, हे आज प्रत्येक मधुमेह्याला सांगितले जाते. त्या लाकडी खोलीत ते सोसून या माणसाने आपला नित्यक्रम मोडू दिला नाही. शिक्षेची मुदत संपत आल्यावर जून १९१४ मध्ये त्यांना मंडालेहून हलविले आणि १६ जूनच्या मध्यरात्री पुण्यात गायकवाडवाड्याच्या दारात आणून सोडले. ज्यांना ते परत दिसतील की नाही याची खात्री नव्हती, त्या पुणेकरांपुढे अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या अखेरीस आलेले टिळक पुन्हा उभे राहिले.

पुढची सहा वर्षे त्यांनी जी केली ती निरोगी तरुणालाही दमविणारी होती. १९१५ च्या जूनमध्ये गीतारहस्य प्रसिद्ध झाले. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीगची स्थापना झाली. त्याच वर्षी साठाव्या वाढदिवशी जनतेने त्यांना एक लाख रुपयांची थैली दिली आणि त्यांनी ती देशकार्याला दिली. डिसेंबरात लखनौ करार झाला. १९१८ च्या सप्टेंबरात चिरोल खटल्यासाठी ते विलायतेस निघाले. फेब्रुवारी १९१९ मध्ये तो खटला ते हरले, तरी तेथेच राहून भारताची बाजू मांडत राहिले आणि नोव्हेंबरात परतले. वर्षअखेर अमृतसरच्या काँग्रेसला हजर होते.

१९२० च्या जुलैत मुंबईत सरदारगृहात मुक्कामी असताना त्यांना ताप आला. मोटारीतून फेरफटका मारून आल्यावर तो वाढला आणि त्याचे पर्यवसान न्यूमोनियात झाले. मधुमेह्याच्या शरीराला असा संसर्ग अधिक जड जातो. साखर बरीच वाढते, आणि वाढलेल्या साखरेत शरीराची झुंजण्याची ताकद कमी पडते. प्रतिजैविके अजून दोन दशके दूर होती. १ ऑगस्टच्या पहिल्या प्रहरी, चौसष्ट वर्षे पुरी होऊन नऊ दिवस लोटले असताना, त्यांचे प्राण गेले. गिरगावच्या चौपाटीवर लोटलेल्या जनसागरात त्यांचा दहनविधी झाला. असहकाराची चळवळ त्याच दिवशी सुरू व्हायची होती, आणि ती झाली.

त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर १९२० च्या पहाटे, कॅनडातील फ्रेडरिक बँटिंग या तरुण शस्त्रवैद्याच्या मनात स्वादुपिंडावरील प्रयोगाची कल्पना आली. १९२१ मध्ये टोरांटोत त्याने आणि चार्ल्स बेस्टने इन्शुलिन मिळविले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याचे पहिले इंजेक्शन दिले गेले. मधुमेहाच्या इतिहासाचे दोन भाग पाडले तर लोकमान्य पहिल्या भागाच्या अगदी कडेवर उभे दिसतात.

दुसऱ्या भागात महाराष्ट्राचा दुसरा महापुरुष आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मधुमेहाने गाठले तेव्हा इन्शुलिन उपलब्ध होते आणि त्यांनी ते घेतले. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. पुढे सविता आंबेडकर या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या स्वतः डॉक्टर होत्या आणि पतीचे पथ्य व औषध यांची काळजी त्यांनी वाहिली. पायांच्या वेदना, थकवा आणि ढासळती दृष्टी यांच्याशी झगडत त्यांनी संविधानाचे काम तडीस नेले. ६ डिसेंबर १९५६ रोजी, पासष्टाव्या वर्षी, ते गेले. इन्शुलिनने आयुष्य लांबविले, पण त्याबरोबर टिळकांच्या काळी नसलेला एक धोकाही आणला. साखर आता केवळ चढत नव्हती, औषधामुळे ती फार उतरूही शकत होती. ७० च्या खाली घाम, थरथर, छातीत धडधड. ५४ च्या खाली गोंधळ, बेशुद्धी, प्रसंगी मृत्यू. तेव्हापासून लक्ष्याला वरची हद्द होती तशी खालचीही आली.

ती हद्द कुठे आखावी याचे उत्तर मोठ्या अभ्यासांतून हळूहळू मिळाले. १९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील १,४४१ टाइप १ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साखर काटेकोर ठेवल्यास डोळ्यांचा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो, पण साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग तिप्पट होतात, असे त्यात दिसले. १९९८ मध्ये इंग्लंडमधील अभ्यासाने टाइप २ रुग्णांतही सुरुवातीपासूनच्या नियंत्रणाचा फायदा दाखविला. मग २००८ मध्ये वेगळी बातमी आली. दहा हजारांहून अधिक टाइप २ रुग्णांपैकी, हृदयविकाराचा धोका असलेल्या ज्या गटाला तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी, म्हणजे एचबीए१सी, ६ च्या खाली नेण्याचे लक्ष्य दिले होते, त्यात मृत्यू अधिक झाले आणि तो भाग मध्येच थांबवावा लागला. कमी म्हणजे नेहमीच चांगले, हा समज त्या दिवशी मोडला.

आज बहुतेक प्रौढांसाठी एचबीए१सी ७ च्या खाली, जेवणाआधी ८० ते १३०, आणि जेवणानंतर १८० च्या आत, असे सर्वसाधारण लक्ष्य सांगितले जाते. ते आरंभबिंदू म्हणून धरायचे. नुकताच मधुमेह झालेला, इतर आजार नसलेला, साखर फार उतरविणारी औषधे न घेणारा पस्तिशीतला माणूस डॉक्टरांच्या सल्ल्याने ६.५ चे लक्ष्य धरू शकतो. सत्तरी ओलांडलेले, हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असलेले, एकटे राहणारे किंवा साखर उतरल्याची चाहूलच न लागणारे यांना ८ च्या आसपास राहणे अधिक सुरक्षित. गरोदर स्त्रीचे लक्ष्य मात्र कडक असते. उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली.

सिल्वासा आणि आसपासच्या गावांना याशिवाय स्वतःचा एक विचार करावा लागतो. या प्रदेशात आदिवासी समाज निम्म्याहून अधिक आहे, आणि त्या समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात. त्यामुळे त्यांच्यावर साखर चढायला पुरेसा अवधी मिळत नाही आणि एचबीए१सी खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते. नुसते वाहक असलेल्यांतही चाचणीच्या काही पद्धती चुकीचा आकडा देतात. अहवालात ६.५ आणि प्रत्यक्षात साखर बरीच चढलेली, असे घडू शकते. म्हणून आपली सिकलसेल तपासणी झाली आहे का, आणि त्याचा निकाल मधुमेहाच्या डॉक्टरांना माहीत आहे का, हे विचारणे लक्ष्य ठरविण्याच्याही आधीचे काम आहे. शंका असल्यास बोट टोचून घेतलेले नोंदवहीतील आकडे किंवा फ्रुक्टोसामाइनसारखी दुसरी चाचणी अधिक भरवशाची.

येथील औद्योगिक वसाहतींत पाळीने काम करणारेही पुष्कळ. ज्याची रात्रपाळी दर आठवड्याला बदलते त्याचे जेवणही बदलते. त्यात इन्शुलिन किंवा साखर उतरविणारी काही औषधे असतील तर यंत्रापुढे उभे असताना साखर घसरणे जिवावर बेतू शकते. अशा कामगाराने आपली पाळी डॉक्टरांना सांगावी आणि लक्ष्य व औषधाची वेळ तिच्याशी जुळवून घ्यावी. खानवेलच्या डोंगरातील नागलीची भाकरी खाणाऱ्या शेतकऱ्याचे गणित वेगळे, सिल्वासातील बैठ्या दुकानदाराचे वेगळे. नागलीसुद्धा मोजूनच खावी लागते. पण भाताचा ढीग कमी करून तिच्याबरोबर डाळ आणि भाजी वाढविली, तर जेवणानंतरचा आकडा काय सांगतो ते दोन तासांनी पाहता येते. मंडालेत ही सोय नव्हती. शहरातील विनोबा भावे सिव्हिल रुग्णालयासारख्या ठिकाणी आज ती आहे.

लोकमान्यांच्या आयुष्याचा हा कोपरा पाहिला की त्यांच्या करारी स्वभावाची दुसरी बाजू दिसते. ज्याने सरकारशी तडजोड केली नाही, त्याने आपल्या शरीराशी मात्र शहाणपणाची तडजोड केली. पथ्य स्वीकारले, डॉक्टरांचे ऐकले, भात सोडला, आणि अंगात लिहिण्यापुरती ताकद राखली. उरलेली वर्षे कशासाठी हवीत हे त्यांना नेमके ठाऊक होते, आणि त्यावरूनच त्यांचे पथ्य ठरले. मधुमेह्याने डॉक्टरांसमोर बसताना आकड्याच्या आधी हेच सांगावे: वय किती, सोबतचे आजार कोणते, काम कोणते, घरी रात्री कोण असते, आणि पुढच्या वर्षांत काय करायचे आहे. मग जो आकडा ठरेल तो त्या माणसाचा स्वतःचा असेल.

२ ऑगस्टला सिल्वासात ध्वजवंदन होईल, मुक्तिदिनाचे पेढे वाटले जातील. हातावर आलेला पेढा अर्धा मोडून बाजूच्याला देणारी माणसे त्या गर्दीत कितीतरी असतील. मंडालेच्या बंद्याला ती आपलीच वाटली असती.